वारस आणि पूर्वज

गेली दोन-तीन वर्षे महाराष्ट्रात शेतकरी घरांच्या वंशावळींचा विषय चावडीपासून न्यायालयापर्यंत पोचला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तालुक्यातालुक्यांतल्या दप्तरखान्यांची कुलपे निघाली, मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटिअरचा शासन निर्णय निघाला. कुणबी दाखल्याच्या मागणीच्या न्याय्यतेबद्दल मला इथे काही म्हणायचे नाही. ज्याला दाखला हवा त्याने नोंद शोधावी. हक्काच्या गोष्टीला कागद लागतोच. मला खटकते ते या गदारोळात रुजलेले एक वाक्य, जे मागणारे आणि विरोध करणारे सारख्याच निश्चिंतपणे बोलतात: नोंद सापडली, म्हणजे घराण्याचा इतिहास सापडला.

म्हैसूरहून नंजनगूडच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर कडकोळ येते. तिथल्या एका शेतकरी मित्राकडे चार दिवस राहिलो होतो, तेव्हा घरात वंशवृक्षाचा कागद तयार होत होता. वारलेल्या आजोबांच्या नावावरची जमीन पुढच्यांच्या नावावर करायची होती. कर्नाटकात याला ‘पौती खाते’ म्हणतात. शब्द ऐकताच मला आमच्याकडच्या तलाठ्याची ‘फौती’ आठवली. फारसीच्या वाटेने दोन्ही भाषांत आलेला हा एकच शब्द, अर्थ मृत्यू. शेतकऱ्याच्या घराची वंशावळ इकडे काय आणि तिकडे काय, कोणीतरी गेल्यावरच काढली जाते, आणि मागे राहिलेल्यांत जमीन कशी लागायची हे ठरवण्यासाठी काढली जाते.

मित्राची आत्या शेजारी बसून तांदूळ निवडत होती. तिच्यापेक्षा मोठी एक बहीण नवव्या वर्षी तापाने गेली होती. आत्याने तिचे नाव सांगितले तेव्हा लिहिणारा पुतण्या म्हणाला, “तिचं कशाला? तिच्या मागे कोण आहे?” त्याचे काहीच चुकले नव्हते. कागद वारसांचा होता आणि ती वारस नव्हती. पण त्या वाक्याने माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळत असलेली एक गोष्ट स्वच्छ झाली. वारस शोधणे आणि पूर्वज शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि आपण पहिल्याला दुसऱ्याचे नाव देऊन बसलो आहोत.

वारस शोधणारा वरून खाली येतो. एका मृत माणसापासून निघतो, जिवंत माणसांपाशी थांबतो, आणि ज्या फांदीला पुढे कोणी नाही ती फांदी सोडून देतो. पूर्वज शोधणारा खालून वर जातो. त्याला प्रत्येक पायरीवर दोन माणसे भेटतात: आईबाप दोन, आजीआजोबा चार, मग आठ, सोळा, बत्तीस. पाच पिढ्यांत ६२. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होते आणि म्हैसूरकडे प्रत्यक्ष मामाशीही, त्यामुळे काही माणसे दोनदा येतात आणि आकडा थोडा खाली येतो. तरीही पाच पिढ्यांची वंशावळ म्हणून आपण जे अभिमानाने चौकटीत लावतो त्यात या ६२ पैकी सरळ रेषेतले पाच पुरुष असतात. उरलेल्या सत्तावन्नांचे रक्तही तेवढेच आपल्या अंगात आहे.

शहाण्णव कुळांच्या याद्यांबद्दल मी बोलत नाही. त्या मानाच्या याद्या आहेत, माणसांच्या नव्हेत. थुंकीचा नमुना पाठवून मूळ पुरुष कळेल असे मानणाऱ्यांनाही नमस्कार. खरा प्रतिवाद करायचा तो कागदवाल्यांचा, कारण ते कष्टाळू आणि प्रामाणिक आहेत. ते म्हणतात, आठवण फसवते, कागद फसवत नाही.

कागद फसवत नाही, हे मान्य. पण तो विचारलेल्या प्रश्नापलीकडे बोलतही नाही. इंदापुरात १८३५-३६ च्या सुमारास इंग्रजांची पाहणी सुरू झाली तेव्हा सरकारला शेताशेताचा सारा भरणारा एक जबाबदार माणूस हवा होता. त्याचे नाव खात्याला लागले. शेतात खपणारे बाकीचे त्या नावामागे गेले. पुढे सातबारावर ‘ए.कु.मॅ.’ ही तीन अक्षरे आली: एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्याच्या नावापुढे ती असली की धाकटे भाऊ आहेत एवढे कळते. किती आणि कोण, ते कळत नाही. माझी स्वतःची आजी आमच्या जुन्या फेरफारात एकदाच येते, ‘अ.पा.क. आई’ म्हणून. अज्ञान मुलांची पालनकर्ती. आजोबा गेल्यानंतर अकरा वर्षे तिने मोट धरली, सावकार थोपवला, तीन मुले वाढवली. मुलगा सज्ञान झाला आणि नाव कमी झाले. बहिणींची नावे लागली तर ‘इतर हक्क’ या रकान्यात, विहिरीच्या आणि बोजाच्या शेजारी. त्याहून जुन्या कागदांत बाई ‘अमकी कोम तमका’ एवढीच दिसते, मराठवाड्यात ‘जौजे’. ती कुठून आली याला जागाच नाही.

यावर कागदवाले म्हणतात, मग जन्ममृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४ बघा, कोतवाल बुक बघा. ते काही वाटणीसाठी नव्हते. खरे आहे, आणि मी त्या बुकांपुढे तासन्‌तास बसलो आहे. १९१८ च्या शरदातली, इन्फ्लुएन्झाच्या साथीतली पाने उलटताना एकेका घरातली माणसे एकाच आठवड्यात जाताना दिसतात, हात थांबतो. पण तिथेही जन्माची नोंद बहुतेक वेळा बापाच्या नावाखाली ‘मुलगी’ अशी असते. बाळाचे बारसे व्हायचे असते; आईचे तर कधीच झालेले असते, तरी ती बहुधा नसते. मग ते म्हणतात, सगळी दप्तरे स्कॅन होऊ द्या, चित्र पूर्ण होईल. होणार नाही. जो रकाना आखलाच नव्हता तो स्कॅन केल्याने भरत नाही.

इंग्रजांच्या पाहणीआधीच्या काळात तर आणखी एक खाच आहे. मिरासदाराची पिढी कागदात सापडते, कारण मिरास वंशपरंपरेची होती. मिरास नसलेला उपरी मात्र दुष्काळ पडला, सारा झेपेना, की औत घेऊन दुसऱ्या गावाला जाई. त्याची पिढी कागदात धरून ठेवायचे कोणाला कारण नव्हते. तरी एक शब्द मला नेहमी अडवतो: गतकूळ. ज्या घराण्यात कोणी उरले नाही त्याची जमीन. देशावरच्या गावांत अशी थळे दुसऱ्यांच्या वहिवाटीत गेल्यावरही जुन्या घराण्याच्या नावानेच ओळखली जात. वारस संपले तरी पूर्वज शिल्लक राहिले, असे दाखवणारा आपल्या दप्तरातला हा दुर्मीळ शब्द आहे. आणि ‘कूळ’ या शब्दाचे तरी पाहा: घराणेही कूळ आणि दुसऱ्याची जमीन कसणाराही कूळच. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने हे दुसरे कूळ मालक झाले; कडकोळच्या माझ्या मित्राचे घर मालक झाले ते देवराज अर्स यांच्या सरकारच्या सुधारणेने, जी १ मार्च १९७४ पासून लागू झाली. मालकीचा कागद बघितला तर त्या घराला पन्नास वर्षे झाली. तेच हात त्याच चिखलात त्याआधी कितीतरी पिढ्या होते.

मुलीला मुलाबरोबरीने वडिलोपार्जित मिळकतीत वारस करणारे १९९४ चे आणि २००५ चे कायदे मी फार मोठे मानतो. त्यांनी बाईला कागदात आणले, आणि हक्कसोडपत्रावर अंगठा घेऊन आपण तिला पुन्हा बाहेर काढतो, हे दुःख वेगळे लिहिण्याजोगे आहे. पण त्या कायद्यांनीही तिला वारस केले. पूर्वज होण्यासाठी कायदा लागत नाही. कोणीतरी विचारावे लागते.

आणि विचारण्याच्या जागा आहेत. आमच्या सांगलीकडच्या गावात सुगीनंतर हेळवी यायचा. बैलावर बसून, घंटा वाजवत. उंबऱ्यापाशी उभा राहून घराण्याची पिढी म्हणायचा, मूळ गाव कोणते, ते का सुटले, हे सांगायचा आणि धान्य घेऊन जायचा. एडगर थर्स्टनने दक्षिण भारतातल्या जातीजमातींवरच्या १९०९ च्या आपल्या ग्रंथात बळ्ळारीकडच्या हेळवांची नोंद घेतली आहे. त्यांच्या वह्यांतही पुरुषच जास्त, हे मी लपवत नाही. पण त्यांना घर कुठून कुठे गेले यात रस होता, जमीन कोणाला लागली यात नव्हे. बायकांची बाजू जात्यावर आहे. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या; त्यांत माहेरचे गाव, आई, भाऊ, भाचे नावागावांनिशी येतात. जे ‘कोम’ या अक्षरांत बुडाले ते तिथे वर येते. आणि पक्षपंधरवड्याचे काय? श्राद्धात बापाच्या बाजूबरोबर आईच्या बापाची बाजूही घेतात. सवाष्ण गेलेल्यांना अविधवा नवमी आहे. ज्या घराने सातबारावर सुनेचे नाव कधी लावले नाही तेही नवमीला तिच्यासाठी पान वाढते. आपल्या चालीरीतींना हा फरक ठाऊक होता. आपल्या अभ्यासाला तो अजून उमगलेला नाही.

कडकोळहून निघण्याच्या आदल्या रात्री मी आत्याला म्हटले, वंशवृक्षाचा कागद कचेरीत जाऊ दे, आपण दुसरा करू. मित्राने पुतण्याच्या वहीचे मधले पान फाडून दिले. खाली मित्राची धाकटी मुलगी, तिथून वर. आत्या सांगत होती, मित्र कन्नडात लिहीत होता आणि मला मराठीत सांगत होता. आजीचे माहेर गुंडलुपेटकडचे निघाले, तिच्या आईचे त्याहून पलीकडचे. महालय अमावास्येला वाढायच्या पानांची नावे आत्याला तोंडपाठ होती, त्यामुळे दोन चुका तिनेच दुरुस्त केल्या. नऊ वर्षांची ती बहीण या रेषेत बसत नव्हती, कारण ती कोणाचीच पूर्वज झाली नाही. माझा हिशोब तिथे अडला. आत्याने पेन घेतले आणि स्वतःच्या नावाशेजारी, रेघ न ओढता, तिचे नाव लिहिले.