होनाचें मोल

देवघरांतल्या डबींत पिढ्यानुपिढ्या जपलेला शिवकालीन होन विकण्याची पाळी एखाद्या गृहस्थावर आली, तर त्यानें तो कसा विकावा? प्रश्न वरवर पाहतां बाजाराचा दिसतो. पण थोडा विचार केला असतां तो नीतीच्या प्रांतांत शिरतो.

शिवछत्रपतींचा होन वजनानें तीन ग्रॅमही भरत नाहीं. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसरीस ‘छत्रपति’, एवढींच अक्षरें. तांब्याच्या शिवराईवरही तींच असतात, आणि शिवराया जुन्या बाजारांत ढिगानें मिळतात. सोन्याचा होन मात्र अत्यंत दुर्मिळ. सराफाच्या कांट्यावर त्याची किंमत केवळ सोन्याची, आणि तेथून पुढची वाट मुशीकडे जाते. चिंच लावून तो लखलखीत करण्याचा मोहही आवरला पाहिजे; घासलेल्या नाण्यास जाणता संग्राहक कमी लेखतो. (माळेसाठीं डाख देऊन कड्या बसविलेल्या पुतळ्यांविषयीं तर न बोलणेंच बरें!)

आतां संग्राहक घ्या. तो जाणतो, विकणारा जाणत नाहीं. खरी अडचण येथेंच आहे. सिसेरोनें आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत नेमका असाच प्रसंग कल्पिला आहे: सोन्यास पितळ समजून कोणी विकूं लागला, तर सज्जनानें त्यास खरें सांगावें, कीं हजारांची वस्तु एका नाण्यास घ्यावी? संग्राहक म्हणेल, “वर्षानुवर्षें खपून मिळविलेलें ज्ञान हेंच माझें भांडवल, त्यावर नफा कां घेऊं नये?” जरूर घ्यावा. परंतु ज्ञानाचें वेतन घेणें निराळें आणि गरजू विधवेच्या अज्ञानावर डल्ला मारणें निराळें. तोच न्याय विकणाऱ्यासही लागू आहे. नकली होन पुष्कळ आहेत. मनांत शंका असूनही ‘आजोबांच्या वेळचा’ म्हणून तो गळ्यांत मारणें ही चोरीच होय.

म्हणून मला उघडा लिलाव अधिक पसंत आहे. तेथें दहा जाणते एकमेकांवर चढतात, आणि एकाचें ज्ञान दुसऱ्याच्या चढाओढीमुळें विकणाऱ्याच्याही उपयोगी पडतें. मात्र तो याच देशांत व्हावा. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यान्वयें शंभर वर्षांचें वा त्याहून जुनें नाणें खासगी माणसास परदेशीं धाडतां येत नाहीं. संग्रहालयास दान करावें, असें कोणी सुचवील. सुचविणें सोपें आहे. ज्याच्या घरीं होन नाहीं आणि मुलीच्या शिक्षणाची चिंताही नाहीं, त्यानें हा उपदेश जपून करावा. परंतु विक्रीपूर्वीं एक गोष्ट गरिबासही करतां येते. होनाचें वजन घ्यावें, दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें काढावीं, आणि तो घरांत कोणाकडून, कसा आला हें कागदावर लिहून एक प्रत अभ्यासकांच्या स्वाधीन करावी, दुसरी होनाबरोबर द्यावी. ठाऊक नसेल तेथें ‘ठाऊक नाहीं’ असेंच लिहावें.