‘स्वामी’ वाचून झाल्यावर

पुस्तक लगेच मिटू नका. बोट पानात राहू द्या. बाहेर धारवाडचा तो बारीक, न कंटाळणारा पाऊस लागलेला असेल तर उत्तमच. नसला तरी अडत नाही. जी. ए. कुलकर्ण्यांच्या ‘पिंगळावेळ’मधली ‘स्वामी’ तुम्ही आत्ताच संपवली आहे, आणि ती आधी वाचलेल्या कुणाला तरी गाठून ‘म्हणजे शेवटी झालं काय?’ असं विचारावंसं वाटतंय. विचाराल. पण थोड्या वेळाने.

आधी नुसतं आठवा. एक तुमच्याआमच्यासारखा माणूस. त्याला मानाने मठात नेणारे लोक. जमिनीखालची खोली. लागलेलं दार. वर हवेपुरता झरोका. आणि उजेडाकडे चढत निघालेली एक वेल. एकेक गोष्ट सावकाश डोळ्यांपुढे येऊ द्या, आणि दारापाशी जरा जास्त रेंगाळा. तिथे राक्षस नाही, हडळ नाही. कोंडणारे त्याला शिव्या देत नाहीत, त्याला पूज्य मानतात. भीती नक्की कधी वाटली तुम्हाला? दार लागलं तेव्हा, की त्याआधी, त्याचं स्वागत फार अदबीने झालं तेव्हा?

उत्तर आलं नाही तर ओढून आणू नका. श्वास चालू आहे तसा चालू द्या.

हा प्रश्न हुबळी-धारवाडकडच्या माणसाला जरा वेगळ्या जागी टोचतो. इथे मठ ही काही धुक्यातली वास्तू नव्हे. हुबळीच्या सिद्धारूढ मठात सोलापूर-सांगलीकडूनही मराठी घरं येतात, प्रसादाच्या पंगतीला बसतात, अंगाऱ्याची पुडी घेऊन परततात. धारवाडात मुरुघा मठ आहे. त्यावरून रोज जाणाऱ्याला त्यात नवल वाटत नाही. कथेचं बोट कुठल्याही खऱ्या मठाकडे नाही, हे उघडच आहे. पण जिथे चपला काढून आपण निर्धास्तपणे आत शिरतो, तीच जागा लेखकाने निवडली. पडका वाडा, अमावस्या, माळावरचं एकटं झाड हे सामान हाताशी असून त्याने घेतलं नाही. तुमच्या ओळखीची, प्रेमाची एक जागा मनात आणा. तिथलं दार बाहेरून लागलं आहे, असं क्षणभर समजा. बस्स, एवढंच. आता त्या जागेतून बाहेर या.

भयकथाकार नारायण धारपांच्या समर्थकथा वाचताना असं होत नाही. तिथे अमंगळ येतं, माजतं, आणि कथांचे नायक समर्थ आले की आपल्याला माहीत असतं, आता हे परत जाणार. त्या दिलाशाला मी मुळीच कमी लेखत नाही. रात्री दीड वाजता धारप मिटून मोरीपर्यंत जाऊन आलेला कोणीही त्याला कमी लेखणार नाही! पण ‘स्वामी’त समर्थ येत नाहीत. भीतीला निरोप द्यायला कोणी नसल्यामुळे ती वाचणाऱ्याच्या घरी मुक्कामाला राहते.

अशी पुस्तकं जगात इतरत्रही आहेत. शर्ली जॅक्सनची ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ ही कादंबरी 1959 सालची, जी.एं.चा ‘निळासावळा’ही त्याच वर्षी आला. त्या कादंबरीत घर झपाटलेलं आहे की त्या घरात आलेली एलिनॉर आतून मोडत चालली आहे, यावर वाचक अजून भांडतात. जॅक्सन 1965 मध्ये गेली. भांडण थांबलं नाही.

आता विचारा हवं तर. चहा ठेवा, दोघा-तिघांना बोलवा. एक म्हणेल, वेल बाहेर पोचली, म्हणजे माणूस जिंकला. दुसरा म्हणेल, जिंकली ती वेल, माणसाचं काय? तिसरी बराच वेळ गप्प राहील आणि म्हणेल, त्या लोकांना हवा होता तसा तो अखेर खरोखरच स्वामी झाला, म्हणजे जिंकले तेच. मला पहिलं मत फार स्वस्तातलं वाटतं आणि तिसऱ्याने झोप उडते. म्हणून तुम्हाला सांगणं इतकंच, की जे मत तुम्हाला सगळ्यात नकोसं वाटतं, ते कप रिकामा होईपर्यंत आपलंच आहे असं मानून बसा. खोडू नका. ते मनात कुठे खुपतं, तेवढं पाहा.

मग कोणीतरी म्हणणारच, ‘जी.ए. असते तर विचारलं असतं.’

इथे थांबा. 10 जुलै 1923, बेळगाव. 11 डिसेंबर 1987, पुणे. या दोन तारखांच्या मध्ये जवळजवळ तीस वर्षं धारवाडचं जेएसएस कॉलेज आणि इंग्रजीचे तास. घरच्यांचे ते बाबुआण्णा. ज्या गावात त्यांनी आयुष्य काढलं, तिथल्या वाचकांना त्यांच्या जाण्याची बातमी परगावाहून आली. जी.एं.च्या काळ्या चष्म्याबद्दल मराठीत इतकं लिहून झालं आहे, की कधी कधी वाटतं, लोकांनी पुस्तकांपेक्षा चष्माच जास्त वाचला. तो चष्मा बाजूला ठेवा. माणसांना टाळणाऱ्या या माणसाने मित्रांना किती लिहिलं पाहा. निवडक पत्रांचेच चार खंड झाले. आणि 1973 चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘काजळमाया’ला मिळाला, पण पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उठताच त्यांनी तो परत केला. तारखेच्या प्रश्नाला त्यांनी असं उत्तर दिलं. वेलीबद्दल विचारलं असतं तर दिलं असतं का? मला नाही वाटत. म्हणजे हळहळ उत्तर हुकल्याची नाही. मग कशाची आहे? हा प्रश्न मांडीवर घेऊन बसा.

आणखीही कोणी आठवतील. येऊ द्या. धारप, ऑगस्ट 2008. गूढकथाकार रत्नाकर मतकरी, मे 2020. करोनाच्या त्या दिवसांत त्यांच्या वाचकांनी घरात बसून, जुनी पुस्तकं कपाटातून काढूनच त्यांना निरोप दिला. नाटककार गिरीश कार्नाड याच धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकले. 10 जून 2019 ला गेले तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे विधी नाहीत, सरकारी मानवंदनाही नाही. आणि एम. एम. कलबुर्गी. वचनसाहित्याचे अभ्यासक, 30 ऑगस्ट 2015 च्या सकाळी धारवाडच्या कल्याणनगरात, राहत्या घरी, दारात आलेल्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. या मरणात संदिग्ध काही नाही, अर्थ लावण्याची मुभा नाही. दोन्ही दारं, कथेतलं आणि हे, शेजारी शेजारी ठेवू नका. दुसऱ्यापाशी वेगळं थांबा, हवा तितका वेळ.

पुन्हा जी.एं.कडे या. मनातल्या मनात त्यांना एक पत्र लिहायला घ्या. त्यात वेलीचा उल्लेख नको, मठाचा नको, शेवट काय याची चौकशी तर नकोच. उरलं तेवढंच लिहा. मायना ‘प्रिय’ घालायचा की ‘आदरणीय’, इथेच बरेच जण अडतात. अडलात तरी चालेल, पेन मात्र खाली ठेवू नका.