रयत कुणाची?
‘रयत’ हा शब्द आपण शिवरायांच्या नावाशी इतका घट्ट बांधलाय, की तो बाहेरून आला असेल असं मनातही येत नाही. पण तो अरबी. फारसीच्या वाटेनं इकडे आला. मूळ अर्थ, चारायला नेलेला कळप. राजा मेंढपाळ, आपण मेंढरं. कळप राखणाराही असतो, कातरणाराही. शब्द दोघांना चालतो.

राखणं म्हणजे काय, ते चिपळूणच्या छावणीला महाराजांनी धाडलेल्या पत्रात सापडतं. पावसाळ्याची बेगमी आत्ताच उधळलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग कुणब्याच्या घरचे दाणे, गवत, भाजी उचलायला लागाल, असं त्यात बजावलंय. शिवाय, रात्री दिवा जळता ठेवू नका. उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळं गवत पेटेल! मुलूख राखणाऱ्याला उंदराच्या तोंडातली वात दिसते. मला तरी राखणीची याहून चांगली खूण माहीत नाही.

मग इंग्रज आले. त्यांनी शब्द तोच ठेवला, पुढे ‘वारी’ लावली. रयतवारीत मधला जमीनदार गेला, शेतकऱ्याची गाठ थेट सरकारशी. ऐकायला छान. पण सारा रोखीत भरायचा, आणि रोकड सावकाराच्या पेटीत. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात, ऐन बाजाराच्या दिवशी, हीच रयत सावकारांच्या दारात शिरली आणि कर्जाची खतं जाळली.

खटकतं ते एवढंच, की ‘रयत’ म्हणणारा कायम दुसरा कुणीतरी. पत्र धाडणारा, नाहीतर सारा ठरवणारा. ‘मी रयत’ असं कोण म्हणतं? आज तिची जागा ‘पब्लिक’नं घेतलीय, आणि तेही आपण सोडून बाकीचे सगळे!

अपवाद आहे. 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसली. त्या बाजूला कधी गेलात, तर एसटीत शेजारी बसलेल्या एखाद्या आजोबांना त्यांची शाळा विचारा. ‘मी रयतचा’, असं ऐकू येण्याची शक्यता बरीच आहे.