नेक्स्ट स्टेशन, डोंबिवली

दुपारची वेळ. कल्याणहून सुटलेली स्लो लोकल. गर्दी ओसरली आहे. खिडकीशी बसा.

पाठ टेकवा. पिशवी मांडीवर राहू द्या.

एक श्वास घ्या. सोडा.

डब्यातल्या आवाजाकडे कान द्या. पुढील स्टेशन, ठाकुर्ली. मग तेच हिंदीत. मग इंग्रजीत. नेक्स्ट स्टेशन, ठाकुर्ली.

गावाचं नाव तिन्ही वेळा तेच. त्या नावाला धरून राहा. अलीकडचे दोन शब्द आपोआप जवळ येतात.

बोलू नका. नुसतं ऐका.

इंग्रजी शिकायला आलेल्याला आपण लगेच बोलायला लावतो. मला ते पटत नाही. तान्हं मूल कितीतरी महिने नुसतं ऐकतं. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती 2000 साली. त्याआधीच्यांना ती पाचवीत भेटली, आणि बहुतेकांना फळ्यावरच. अक्षरं आली, आवाज मागे राहिला.

तो आवाज आता घेऊ या. सावकाश.

नेक्स्ट स्टेशन, डोंबिवली.

'स्टेशन'मधल्या ट वर थांबा.

आधी आपला 'त' म्हणा. जीभ वरच्या दातांना टेकते. जाणवलं? आता 'वाट'मधला ट. जिभेचं टोक मागे वळतं, टाळूला लागतं.

इंग्रजीतला ट या दोहोंच्या मध्ये राहतो. वरच्या दातांच्या लगेच मागे हिरडीचा उंचवटा आहे. जीभ तिथे हलकेच लागू द्या. सुटू द्या.

पुन्हा. लागू द्या. सुटू द्या.

डोंबिवलीला माणसं चढतात. कुणी फोनवर सांगतं, 'वेस्टलाच थांब.' हा शब्द आपण रोज वापरतो. आज त्याच्या सुरुवातीपाशी थांबा. ओठांचा गोल करा, 'उ' म्हणताना होतो तसा. दात कुठेच लागत नाहीत. गोल उघडतो. वेस्ट.

आता शाळेची व्हॅन. वरचे दात खालच्या ओठावर अलगद टेकवा आणि गळ्यातून आवाज सोडा. ओठाला बारीक गुदगुल्या होतात. तळहात तोंडासमोर धरा. झोत नाही, नुसती थरथर. लिहिताना आपण व्ह लिहितो, तोंडात मात्र ह येत नाही.

दात तसेच ठेवा. गळा गप्प करा. फक्त हवा जाऊ द्या. हा 'फास्ट'मधला फ. ओठ मिटले नाहीत, पाहिलंत?

गोल ओठ. टेकलेले दात. वेस्ट. व्हॅन. एका श्वासाला हे, एका श्वासाला ते.

यात कितीही वेळ जाऊ द्या.

कोपर जातं. दिवा जातं. मुंब्र्याला एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. नजर खाडीवर ठेवा.

एक वाक्य मनात येऊ द्या. मी डोंबिवलीत राहतो. मी डोंबिवलीत राहते.

आय लिव्ह इन डोंबिवली.

आपला 'त' नावाच्या शेवटी चिकटलेला. त्यांचा 'इन' नावाच्या आधी, सुटा उभा. आपलं 'राहते' वाक्य संपेपर्यंत थांबतं. त्यांचं 'लिव्ह' लगेच 'आय'च्या शेजारी येऊन बसतं.

नियम पाठ करू नका. कोण कुठे बसलंय, एवढंच पाहा.

आता शेजारणीचं सांगा. शी लिव्हज इन डोंबिवली. शेवटी एक ज आला. 'जेवण'मधला नव्हे, 'जरा'मधल्या ज च्या जवळचा. पण जीभ कुठेही टेकवू नका. नुसती गुणगुण. तो असला तरी तेच. ही लिव्हज.

जीभ अडखळते. अडखळू द्या.

समोरचं कुणी इंग्रजीत भराभर बोलू लागलं की छातीत काहीतरी आक्रसतं. तेही पाहा. त्याला नावं ठेवू नका. श्वास सोडा.

कळवा गेलं. नेक्स्ट स्टेशन, ठाणे.

फलाटावरच्या पाटीकडे पाहा. टी आणि एच. इथे ती दोन अक्षरं आपला ठ होतात. 'थँक यू' म्हणताना त्याच दोन अक्षरांसाठी जिभेचं टोक दातांच्या फटीत येतं आणि हवा वरून सरकते. पाटी हे सांगत नाही. कानच सांगतो.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी या ठाण्याला आली. स्टेशन, सिग्नल, गार्ड हे शब्द रेल्वेमागून आपल्या घराघरांत शिरले. तुमची सुरुवात शून्यापासून नाही. कितीतरी शब्द तोंडात आधीच आहेत. त्यांना फक्त त्यांची जागा दाखवायची आहे.

आता उतरा. उद्या एकच ध्वनी घ्या, 'वेस्ट'चा. तो बसला की 'व्हॅन'चा. आणि पुरेसं ऐकून बोलायची वेळ आली, की वाक्य चुकेल असं वाटलं, तरी मोठ्याने आणि शेवटपर्यंत बोला.