सर्वानुमते मंजूर

चि. बायस,


लावणी उरकली, पाठ धरली आहे, म्हणून बसून लिहितो. ‘आजोबा, आपल्याकडची राजकीय संस्कृती कुठल्या प्रकारची?’ असं तू विचारलंस आणि फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही. तू ठेवून गेलेलं पुस्तक मग दोनदा वाचलं.

त्यात आहे की आल्मंड आणि व्हर्बा या अभ्यासकांनी १९६३ साली पाच देशांचा अभ्यास छापला : अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, इटली आणि मेक्सिको. सरकारबद्दल काय ठाऊक आहे, एखादा नियम अन्यायाचा वाटला तर तुम्ही काही करू शकाल का, असं लोकांना विचारलं. त्यावरून माणसांचे तीन रकाने पाडले : सरकार ज्यांच्या ध्यानीमनीच नाही ते संकुचित, वरून आलेलं ऐकून घेणारे अधीन, आणि आपणही बोलायचं असतं असं मानणारे सहभागी. तिन्हींचं बरं मिश्रण जमलं की लोकशाही टिकते, असं त्यांचं म्हणणं. पण मेक्सिकोत त्यांनी दहा हजारांवर वस्ती असलेल्या शहरांतच विचारपूस केली. खेड्यांत कुणी गेलंच नाही. हे वाचून मला हसू आलं, कारण नोकरीभर मीही तेच केलं.

शहापूर-मुरबाडात मी ग्रामसेवक होतो. ग्रामसभेला शंभर माणसं किंवा मतदारांच्या पंधरा टक्के, यांतली जी संख्या कमी ती लागे. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसे. मग पारावरची पाच-सात ठरावीक माणसं, चहा, आणि प्रोसिडिंगात माझ्या अक्षरात ‘सर्वानुमते मंजूर’. कातकरवाडीतून कोणी येत नसे. ‘या समाजात उदासीनता आहे’ असा शेरा मी एकदा अहवालात लिहिला होता. आज तो आठवला की लाज वाटते. दिवाळीनंतर वाडी वीटभट्टीवर जाते ती पावसाच्या तोंडावर परतते. त्या मधल्या ग्रामसभा कधी? २६ जानेवारीला आणि १ मेला!

तोच कातकरी बाप्या वाडीच्या बैठकीत लग्नाचा किंवा भांडणाचा निवाडा करताना ऐकावा, मुद्दा सोडत नाही. तहसीलच्या पायरीवर मात्र ‘मायबाप’ म्हणत चप्पल बाहेर काढतो. एकाच माणसात तिन्ही रकाने. कुठल्या दारात उभा आहे त्यावर ठरतं. आपल्या उशाला तानसा आणि भातसा ही धरणं, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात पाड्यावर टँकर. ग्रामसभेत पदर तोंडाला लावून बसणारी बाई रिकामा हंडा घेऊन मोर्च्यात पुढे असते. तिला आल्मंडसाहेब कुठे बसवतील?

‘वारली मुळातच भित्रा’ असं पूर्वी जिल्ह्यात सर्रास बोललं जाई. जानेवारी १९४५ मध्ये आपल्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. त्याच वर्षी मे महिन्यात तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि फुकट वेठ करायची नाही असं ठरलं. या लढ्यावरचं गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ कपाटात आहे, परीक्षेआधी वाच. पाच महिन्यांत कुणाचा स्वभाव पालटत नाही, बाये. मालकाला नाही म्हटलं तर काय होतं, याचा अनुभव पालटला. संस्कृतीमुळे राज्यव्यवस्था तशी बनते, असं तुझं पुस्तक धरून चालतं. मला उलटंही तितकंच खरं वाटतं. तुमचे प्राध्यापक यावर काय म्हणतात ते कळव.

आता शहापूर तालुका आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याखाली आहे, मुरबाडातली काही गावंही. या कायद्यात पाड्याला स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. म्हणजे मुख्य गावात मागे उकिडवं बसण्याऐवजी आपल्या अंगणात बोलायचं. सगळीकडे हे जमलंय असं नाही. काही ठिकाणी ठराव अजून पंचायतीतूनच लिहून येतो आणि खाली अंगठे घेतले जातात. असे अंगठे मीही घेतलेत.

प्रकल्पासाठी प्रश्नावली घेऊन येणार म्हणालीस ना? मग दिवाळीची सुट्टी बघू नकोस, त्याआधीच ये. नंतर वाडीत म्हातारी माणसं आणि टेकवलेली दारंच भेटतील. आणि सभेच्या दिवशी नको, संध्याकाळी चुली पेटल्यावर जाऊ.

तुझा,
आजोबा