कोपराचं अनुमान

सोनी कंपनीच्या ‘मोकोपी’ या संचात सहा सेन्सर येतात. प्रत्येक सेन्सर म्हणजे ३२ मिलिमीटर व्यासाची, आठ ग्रॅम वजनाची चकती. एक डोक्याला, एक कमरेला, दोन मनगटांना आणि दोन घोट्यांना बांधायची, मोबाइलवर ॲप उघडायचं आणि नाचायला लागायचं. पडद्यावरची बाहुली तसाच नाच करते. जानेवारी २०२३मध्ये जपानमध्ये हा संच ४९,५०० येनला विकायला आला, तेव्हा घरच्या घरी ॲनिमेशन करणाऱ्या हौशी मंडळींना मोठाच आनंद झाला. त्याआधी मोशन कॅप्चर म्हटलं की स्टुडिओ, भिंतीभर कॅमेरे आणि हौशी माणसाला न परवडणारं बिल असंच समीकरण होतं.

या संचात कोपराला आणि गुडघ्याला मात्र काहीच बांधलेलं नसतं. तरीही बाहुली कोपरात हात वाकवते, गुडघ्यात पाय मुडपते, आणि बहुतेक वेळा बरोबर मुडपते. जे मोजलंच नाही ते पडद्यावर आलं कुठून?

न्यायदर्शनाशी थोडी ओळख असलेल्याला हा प्रश्न जुना वाटेल. डोंगरावरचा धूर दिसतो, अग्नी दिसत नाही. पण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती आधी स्वयंपाकघरात पाहिलेली असते, म्हणून डोंगरावरही अग्नी आहे असं अनुमान निघतं. मोकोपीला मनगट कळतं, डोकं आणि कंबर कळते. मनगट असं आणि कंबर तशी वळलेली असेल तर कोपर साधारण कुठे असतं, ही व्याप्ती सॉफ्टवेअरला आधी शिकवलेली असते. बाहुलीचं कोपर हा डोंगरावरचा अग्नी आहे.

यावर कुणी म्हणेल, पैसे जास्त मोजले की अनुमान संपतं आणि प्रत्यक्ष सुरू होतं. तसंही नाही. ऑक्सफर्डची व्हायकॉन कंपनी १९८४पासून या धंद्यात आहे. तिच्या पद्धतीत अंगावर प्रकाश परतवणाऱ्या छोट्या गोळ्या चिकटवतात आणि चारी बाजूंनी कॅमेरे लावतात. एकेक गोळी किमान दोन कॅमेऱ्यांना दिसली की तिची जागा गणिताने निघते. पण गोळी असते कातडीवर, सांधा असतो आत. कातडी आणि स्नायू हाडावरून सरकतात, त्यामुळे सांध्याचा मध्य शेवटी हिशेबानेच काढावा लागतो. अनुमान न मानणाऱ्या चार्वाकाने दुकानातली सगळी यंत्रं परत पाठवली असती. महागड्या यंत्रात अनुमानाची साखळी आखूड असते आणि स्वस्तातल्या यंत्रात लांब, एवढाच काय तो फरक. हौशी माणसाने किंमत विचारण्याआधी ही साखळी कुठून कुठवर जाते ते विचारावं.

डेन्मार्कच्या रोकोकोचा स्मार्टसूट प्रो २ घेतला तर अंगावर १७ सेन्सर येतात. त्यात कोपराच्या वर आणि खाली दोन्हीकडे मोजमाप होतं, म्हणजे कोपर बरंचसं खरं. पण या जातीचे सेन्सर मोजतात ते वळणं, जागा नव्हे. हात किती अंशात फिरला ते त्यांना कळतं. माणूस खोलीत नेमका कुठे उभा आहे ते कळत नाही, ते पावलांवरून ठरवावं लागतं. शिवाय जायरोस्कोपमधली बारीक चूक क्षणाक्षणाला साठत जाते. ती सावरायला बऱ्याच संचांत चुंबकीय होकायंत्राची मदत घेतात, आणि होकायंत्राला लोखंड चालत नाही. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये पायाखाली सळयांचा स्लॅब आणि पाठीशी लोखंडी कपाट असताना बाहुली हळूहळू तिरकी होऊ लागली, तर दोष नाचणाऱ्याचा नाही.

तिसरा पर्याय नुसत्या कॅमेऱ्याचा. मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट नोव्हेंबर २०१०मध्ये व्हिडिओ गेमसाठी आला आणि गेम खेळणाऱ्यांपेक्षा संशोधकांनी आणि कलावंतांनीच तो जास्त डोक्यावर घेतला. अवरक्त ठिपक्यांचं जाळं समोर फेकून तो खोली खरोखर मोजायचा आणि शरीरातले २० सांधे ओळखायचा. २०१७मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. आता ते काम फोनचा साधा कॅमेरा करतो. गूगलच्या मीडियापाइपमधलं मोफत मॉडेल शरीरावरचे ३३ बिंदू शोधतं. पण एका डोळ्याला खोली दिसत नाही. हात पुढे आला की नुसताच आखूड दिसतोय, हे मॉडेल शिकलेल्या नमुन्यांवरून ठरवतं.

हे नमुने कुणाचे असतात? संशोधनात वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या ‘ह्यूमन ३.६ एम’ या संग्रहात ३६ लाख शरीरस्थिती आहेत, आणि त्या दिल्या आहेत अवघ्या ११ नटनट्यांनी. चालणं, खाणं, फोनवर बोलणं, सिगारेट ओढणं, कुत्रं फिरवणं असे त्यातले प्रसंग. अशा साठ्यांवर शिकलेल्या यंत्रापुढे नऊवारी नेसलेली बाई आली की निऱ्यांखालचा गुडघा ते दुसऱ्याच कुणाच्या तरी गुडघ्यावरून भरून काढतं. मोजमाप थांबतं तिथून परकी माणसं सुरू होतात.

म्हणून काही स्वस्त साधन टाकाऊ ठरत नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३मध्ये दाखवलं की काळोखात माणसाच्या सांध्यांवर डझनभर दिवे लावले आणि बाकी काहीच दिसू दिलं नाही, तरी तो चालू लागताक्षणी पाहणाऱ्याला ‘माणूस’ दिसतो. तो स्थिर असेल तर नुसते ठिपके. १९७७मध्ये अमेरिकेत कटिंग आणि कोझलोव्स्की यांनी पुढचा प्रश्न विचारला: चालणारा कोण, हे ठिपक्यांवरून मित्रांना कळेल का? मित्रांनी अचूक नव्हे, पण नुसत्या अंदाजपंचेपेक्षा बऱ्याच जास्त वेळा ओळखलं. माणूस दाखवायला थोडकं पुरतं. हाच माणूस दाखवायला किती लागतं, खरी अडचण तिथे आहे.

या अडचणीची उत्तम परीक्षा भरताच्या नाट्यशास्त्रात तयार आहे. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक या चार अभिनयांपैकी मोशन कॅप्चर पहिल्याचं यंत्र समजलं जातं. सात्त्विकाचं काय? भरताने आठ सात्त्विक भाव सांगितले: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. यातले घाम, काटा, पांढरा पडलेला चेहरा आणि आसवं सेन्सरला मुळी पकडताच येत नाहीत. ती नंतर हाताने करावी लागतात. स्वरभेदाला मायक्रोफोन पुरतो, आणि सूटवर सगळे पैसे उधळलेली मंडळी नेमका तोच विसरतात.

उरले तीन, आणि तिन्ही ठिकाणी स्वस्त साधनं अडखळतात. स्तंभ म्हणजे जागच्या जागी थिजणं. माणूस पुतळ्यासारखा उभा राहतो, पण सेन्सरवाल्या सूटमध्ये बाहुलीचे पाय मुंगीच्या गतीने सरकत राहतात आणि कॅमेऱ्याच्या पद्धतीत सांधे बारीक थरथरतात. प्रलय म्हणजे भान हरपून कोसळणं. पाय जमिनीवर असतात या गृहीतकावर निम्मा हिशेब उभा असतो. पाठ जमिनीला टेकली की बाहुली फरशीच्या वीतभर वर तरंगते किंवा फरशीत बुडते. वेपथु, म्हणजे कंप, सगळ्यांत गमतीदार. यंत्राच्या चुकीची थरथर आणि माणसाच्या भीतीची थरथर आकड्यांत सारखीच दिसते. म्हणून सॉफ्टवेअर एक गाळणी लावतं आणि दोन्ही पुसून टाकतं. चालण्याच्या अभ्यासात ६ हर्ट्झच्या आसपास ही गाळणी लावण्याची जुनी पद्धत आहे. पार्किन्सनच्या रुग्णाचा विसावलेला हात ४ ते ६ हर्ट्झने कापतो. गाळणी जराशी घट्ट केली की म्हाताऱ्या आजोबांचा हात तरुण होतो. सात्त्विक भाव मनाच्या एकाग्रतेतून उपजतात असं भरत म्हणतो. यंत्राच्या लेखी तो निव्वळ गोंगाट.

नोंद झालेली हालचाल बहुधा ‘बीव्हीएच’ नावाच्या फाइलमध्ये साठवता येते. ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते आणि ती एकदा उघडून पाहावीच. पहिल्या भागात हाडांची वंशावळ: मुळाशी कंबर, तिच्यापासून पाठीचा कणा, खांदा, दंड, मनगट. दुसऱ्या भागात किती चौकटी, दोन चौकटींमधलं अंतर, समजा ०.०३३३३३ सेकंद, आणि मग आकड्यांच्या ओळीच्या ओळी. कमरेला सहा आकडे, बाकी प्रत्येक सांध्याला सहसा तीन. चेहरा नाही, वजन नाही, वय नाही. नाचलेली मुलगी यात कुठे आहे?

नागसेन भिक्खूंनी मिलिंद राजाला हेच विचारलं असतं. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातला हा राजा म्हणजे वायव्य भारतावर राज्य करणारा ग्रीक मिनँडर. केस म्हणजे नागसेन का, नखं म्हणजे नागसेन का, असं राजा विचारत जातो, आणि नागसेन त्याच्याच रथाकडे बोट दाखवून विचारतात: आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का? रथ हे सगळ्या भागांच्या जुळणीला दिलेलं नाव. बीव्हीएच फाइल या युक्तिवादासाठीच बनवल्यासारखी वाटते. कंबर म्हणजे ती मुलगी नव्हे, खांदा म्हणजे नव्हे. तरीही तिची मैत्रीण बाहुली पाहून म्हणते, अगं ही तर तूच.

मग हीच चाल ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या पात्रावर चढवली जाते, राक्षसावर किंवा माकडावर. जाहिरातींची भाषा परकायाप्रवेशाची असते: तुम्हीच पात्रात शिरा. ‘शंकरदिग्विजय’मधल्या कथेत शंकराचार्य मृत अमरू राजाच्या देहात शिरतात आणि वागणुकीवरून मंत्र्यांना संशय येतो, म्हणजे देह एकाचा आणि चालवणारा दुसरा. प्रत्यक्षात फाइलमधून जातात ते फक्त कोन. साधा नमस्कार घ्या. मुलीने तळवे जुळवले, कोन जसेच्या तसे राक्षसाच्या लांब हातांना दिले, की त्याचे तळवे एकमेकांतून आरपार जातात. अमरूच्या हातांच्या लांबीची शंकराचार्यांना सवय करून घ्यावी लागली का, हे कथा सांगत नाही. इथे नागसेनांचा दृष्टांत जास्त जवळचा: एका दिव्याने दुसरा दिवा लावला, तर पहिल्यातून काहीही उठून दुसऱ्यात गेलेलं नसतं.

काहीच गेलं नाही, मग चालीवर कुणाचा हक्कही नाही, असं म्हणण्याचा मोह इथेच होतो. हा मोह खरा पैशांचा आहे. अमेरिकेतल्या ‘सॅग-आफ्ट्रा’ या कलाकारांच्या संघटनेने जुलै २०२४मध्ये व्हिडिओ गेम कंपन्यांविरुद्ध संप पुकारला. कृत्रिम बुद्धिमत्तेपासून संरक्षण ही मुख्य मागणी होती, आणि नुसती हालचाल देणारे कलाकार ‘कलाकार’ धरायचे की निव्वळ डेटा, हा त्यातला एक कळीचा मुद्दा. नवा करार व्हायला २०२५चा उन्हाळा उजाडला. गंमत अशी की अनात्मवादी नागसेन या वादात कंपन्यांच्या बाजूने उभे राहिले नसते. त्याच ग्रंथात आंबे चोरणाऱ्याची गोष्ट आहे. चोर म्हणतो, मालकाने पेरले ते आंबे वेगळे आणि मी नेले ते वेगळे, मग मी दोषी कसा? नागसेन त्याला सोडत नाहीत. हे आंबे त्या आंब्यांपासूनच झाले, एवढं नातं दोषाला पुरेसं आहे. आत्मा न मानताही हक्क मानता येतो, हे दोन हजार वर्षांपूर्वी झाडाखाली मिटलेलं प्रकरण आज वकिलांच्या कचेऱ्यांत पुन्हा चालू आहे.

खरेदीपुरतं बोलायचं तर आधी काहीच विकत घेऊ नये. दोन-तीन वेबकॅम असतील तर फ्रीमोकॅप आणि एकच असेल तर रोकोको व्हिजन, या दोन्ही सॉफ्टवेअरची सुरुवात मोफत होते. त्यावर तीन गोष्टी करून पाहाव्यात: पूर्ण स्तब्ध उभं राहणं, नमस्कार, आणि खाली मांडी घालून बसून परत उठणं. जे बिघडतं ते आपल्या गोष्टीत लागणारच नसेल, तर पैसे वाचले. मारामारी आणि पळापळ हवी असेल तर सेन्सरचा सूट. हस्तमुद्रा हव्या असतील, तर सहा चकत्यांचा संच कितीही स्वस्त मिळाला तरी बोटांचं त्याला काहीच कळत नाही. ते पैसे हातमोज्यांसाठी ठेवावेत. चेहऱ्यासाठी, खोली मोजणारा पुढचा कॅमेरा असलेला जुना आयफोन पुरतो. तो चेहऱ्याच्या ५२ हालचाली वेगवेगळ्या देतो.

आणि कित्येकांना यातलं काहीच लागत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाने साधारण अडीच हजार हालचालींचा संग्रह कधीचाच फुकट खुला केला आहे. चालणं, धावणं, उड्या, नाच, सगळं त्यात आहे, आणि या चाली आजवर असंख्य विद्यार्थ्यांच्या फिल्म्समधून, प्रबंधांमधून आणि गेम्समधून फिरल्या आहेत. ज्यांनी त्या चालून दाखवल्या त्यांची ओळख फक्त ‘सब्जेक्ट’ आणि पुढे एक आकडा, १४४पर्यंत. संग्रह वापरणाऱ्यांनी ऋणनिर्देश करावा अशी विद्यापीठाची विनंती आहे आणि त्यासाठीचं वाक्यही तयार दिलेलं आहे. त्यात संकेतस्थळाचं नाव येतं, अनुदान देणाऱ्या संस्थेचं नाव आणि अनुदानाचा क्रमांक येतो. सब्जेक्टचा येत नाही.