रिकाम्या रकान्यातील अभाव

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारख्या, एकाच संगणकावर चालणाऱ्या डेटाबेसमध्ये तक्ता तयार करताना प्रत्येक रकान्याचा डेटा टाइप, म्हणजे त्यात मजकूर यावा, संख्या यावी, तारीख यावी की केवळ होय-नाही एवढेच यावे, हे पहिली नोंद भरण्यापूर्वीच ठरवावे लागते. आणि तांत्रिक बाब म्हणून हा निर्णय कितीही झटपट उरकला जात असला, तरी जगात कोणकोणत्या प्रकारच्या गोष्टी आहेत या वैशेषिक दर्शनाच्या मूळ प्रश्नाचे ते एक उत्तरच असते. कणादांच्या परंपरेने द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय असे सहा पदार्थ मानले, आणि पुढे शिवादित्यांच्या ‘सप्तपदार्थी’ या ग्रंथात अभाव, म्हणजे एखादी गोष्ट नसणे, हा सातवा पदार्थ त्यांच्या पंक्तीला बसला. डेटाबेस घडवणाऱ्याची खरी कसोटी या सातव्या पदार्थापाशीच लागते.

पहिल्या सहांचा प्रश्न तुलनेने लवकर सुटतो. दिल्ली परिसरातील एखाद्या मराठी मंडळाची सभासदयादी घेतली, तर तिच्यात दिल्लीचा ०११, नोएडाचा ०१२० आणि गुरुग्रामचा ०१२४ असे दूरध्वनी संकेतांक येतील, आणि तो रकाना संख्येचा ठेवल्यास पहिले शून्य गळून ०१२० चे १२० होईल. वैशेषिकांच्या मते संख्या हा द्रव्यात राहणारा गुण आहे; वर्गणीच्या रुपयांत तो खरोखर असतो, म्हणून त्यांची बेरीज होते. दोन संकेतांकांच्या बेरजेला मात्र काहीच अर्थ नसतो, कारण तेथे अंकांनी केवळ नावाचे काम केलेले असते. असा रकाना मजकुराचाच हवा.

अभावाचे तसे नाही. न्याय-वैशेषिकांनी त्याचे चार प्रकार केले: उत्पत्तीपूर्वीचा प्रागभाव, नाशानंतरचा प्रध्वंसाभाव, कधीच नसण्याचा अत्यंताभाव आणि एक वस्तू दुसरी नसण्याचा अन्योन्याभाव. सभासदयादीतील तारखांचे रकाने पाहिले की हा भेद किती सूक्ष्म विचारातून आला आहे ते कळते. हयात सभासदाच्या मृत्यूची तारीख रिकामी असते, कारण ती घटना अद्याप घडलेली नाही; सभासद म्हणून एखादी संस्थाच नोंदलेली असेल, तर आईच्या पोटी जन्मल्याची तारीख तिला असूच शकत नाही; आणि दूर निघून गेलेल्या सभासदाचे निधन झाले असूनही मंडळाला ते ठाऊक नसेल, तर तेथे तारखेचा अभावच नाही, फक्त ज्ञानाचा अभाव आहे. डेटाबेस या तिन्ही जागी नल, म्हणजे मूल्यच नसल्याची एकच खूण, ठेवतो. १९७० मध्ये डेटाबेसचे संबंधाधिष्ठित प्रतिमान मांडणारे एडगर कॉड यांनाही पुढे ही खूण अपुरी वाटली, आणि मूल्य आहे पण हाती नाही यासाठी एक व मूल्य लागूच पडत नाही यासाठी दुसरी, अशा दोन खुणा त्यांनी सुचवल्या. प्रचलित डेटाबेसांनी ती सूचना स्वीकारली नाही, हे दुर्दैवच म्हणावे लागते.

अभाव कळतो कसा, या प्रश्नावर दर्शनांत मोठा वाद झाला. प्रभाकर मीमांसकांनी लाघवाचा, म्हणजे कमीत कमी गोष्टी मानून काम भागवण्याचा, आग्रह धरून म्हटले की जमिनीवर घट नाही याचा अर्थ नुसती जमीन आहे एवढाच. त्यासाठी वेगळा पदार्थ कशाला? कुमारिल भट्टांच्या अनुयायांनी मात्र अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानले आणि त्याला एक अट घातली: ती वस्तू असती तर दिसली असती अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यावरून घट नाही असे ठरत नाही. ही अट पाळणाऱ्या अनुपलब्धीला योग्यानुपलब्धी म्हणतात, आणि रकान्यांच्या विचारात या अटीइतके उपयोगी दुसरे काही क्वचितच सापडेल. ॲक्सेसमधील होय-नाही प्रकारचा रकाना नल स्वीकारतच नाही. होय म्हणजे उणे एक आणि नाही म्हणजे शून्य, एवढीच मूल्ये त्यात साठतात. ‘देहदानाचा संकल्प केला आहे काय’ असा रकाना या प्रकाराचा ठेवला, तर विचार करून नाही म्हणणारा आणि ज्याला कोणी विचारलेच नाही तो, दोघांच्याही चौकोनात खूण नसते. येथे लाघव साधते, पण न विचारलेल्या माणसाच्या तोंडी नकार घातला जातो. असा रकाना लहान संख्येचा किंवा मजकुराचा करून त्यात ‘विचारले नाही’ ही तिसरी नोंद ठेवावी. त्याने पडणारा भार क्षुल्लक आहे.

हाच प्रश्न देशाच्या पातळीवर दिल्लीतील महानिबंधक व जनगणना आयुक्तांच्या कार्यालयापुढे उभा राहतो. २०११ च्या जनगणनेत हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि जैन या सहा धर्मांना १ ते ६ असे संकेतांक होते, आणि इतरांच्या बाबतीत संकेतांक न देता धर्माचे नाव पूर्ण लिहायचे होते. मजकुराची ही मोकळी जागा ठेवली, म्हणूनच सुमारे ४९ लाख लोकांचा सरना आणि सुमारे १० लाखांचा गोंडी धर्म तक्त्यांत स्वतःच्या नावाने उतरू शकला. केवळ सहा संकेतांकांचा रकाना असता तर या श्रद्धा असून नसल्यासारख्या झाल्या असत्या. त्याच जनगणनेत धर्म नमूद नसलेल्यांची सुमारे २८ लाख ६७ हजार ही संख्या मात्र एका ओळीत येते, आणि त्या ओळीवरून किती जणांनी धर्मच नाकारला, किती जणांनी सांगण्यास नकार दिला व किती जणांच्या बाबतीत नोंदच राहून गेली, हे वाचकाला वेगळे करता येत नाही. धर्म नाकारणे ही विचारपूर्वक घेतलेली भूमिका आहे, मौन म्हणजे सांगण्यास दिलेला नकार आहे, आणि नोंद राहून जाणे ही गणनेतील उणीव आहे. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणाऱ्या पुढच्या जनगणनेत माहिती डिजिटल साधनांनी गोळा व्हायची आहे, तेव्हा या तिहींना तीन वेगळी मूल्ये देण्यास जागेची किंवा कागदाची अडचण उरलेली नाही.